कुजक्या ओळीचं औषध

अक्षयाचं आपल्या बापाशी एकाच गोष्टीवरून वाजायचं, पण त्या एका गोष्टीने तिचं डोकं पार उठायचं. वसईजवळच्या निर्मळ गावातल्या त्यांच्या वाडीत, बावखलाच्या म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या कडेला, केळींची एक ओळ कुजत होती आणि हरिश्चंद्र ती काढायला तयार नव्हते. बुंधा धरून जरा हलवला की झाड हातात यायचं, खाली कंदाच्या जागी घाण वासाचा लगदा. अशी झाडं मुळासकट काढून जाळायची, हे वसईतलं शेंबडं पोरही सांगेल. हरिश्चंद्र मात्र म्हणायचे, राहू दे, आपल्या अक्षयाचं औषध येतंय.

औषधबिवषध काही येत नव्हतं. पण हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं होतं तिनेच. मुंबईला पीएच.डी.ला लागली तेव्हा बाबांनी विचारलं, तू नक्की करणार काय? तिने हौसेने त्याच ओळीकडे बोट दाखवलं. कंदात एक जिवाणू शिरतो. त्याच्या अंगात एक दार असतं, त्यातून तो रस बाहेर टाकतो आणि त्या रसाने कंद विरघळतो. ते दार ज्या प्रथिनाचं बनलंय त्याचा आकार मी शोधणार. प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे, की आकार कळतो. हरिश्चंद्रांनी एवढं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गावभर सांगितलं की पोरगी केळीचं औषध काढतेय.

तेव्हापासून ती दर सुट्टीत घसा कोरडा करत होती. बाबा, औषध नाही, आकार. बाबा, ती ओळ काढा. प्रमोदिनीने, म्हणजे तिच्या आईने, मध्ये पडणं कधीच सोडून दिलं होतं. ती फक्त चहा ठेवायची. भरीला भर म्हणून जवळच्या सांडोर गावचा व्हिन्सेंट, हरिश्चंद्रांचा शाळेपासूनचा दोस्त, तोही म्हणाला की हरी, माझीही एक ओळ कुजतेय, तू थांबतोस तर मीपण थांबतो. दर रविवारी तो स्कूटरवरून चवळीच्या शेंगांची पिशवी घेऊन यायचा, ओट्यावर बसायचा आणि विचारायचा, आलं का औषध? एका वेड्याने भागत नव्हतं म्हणून आता दोन झाले.

तिकडे प्रयोगशाळेत प्रथिन दाद देत नव्हतं. प्रथिनाच्या थेंबात मिसळायची मिठं बदलली, तापमान बदललं, थेंबांच्या थाळ्यांवर थाळ्या लावल्या. थेंब एक तर स्वच्छ राहायचे, नाहीतर नासक्या दुधासारखे फाटायचे. चार वर्षांनी एका थेंबात एक स्फटिक दिसला, चांगला टोकदार, चकचकीत. तिने हरखून त्याचा फोटो घरी पाठवला आणि पाठवल्या पाठवल्या कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळपर्यंत तो फोटो निर्मळच्या देवळापासून बाजारापर्यंत फिरून आला होता.

स्फटिक क्ष-किरणांखाली ठेवला. प्रथिन असतं तर पडद्यावर ठिपक्यांची दाटी झाली असती. ठिपके आले मोजकेच, लांब लांब. मीठ होतं ते. थेंबात घातलेलं मीठच सुकून, सजून बसलं होतं. तिला रडू यायच्या ऐवजी संताप आला. मीठच पिकवायचं होतं तर घराजवळ मिठागरं काय कमी होती? तिच्या मार्गदर्शक सरांनी शांतपणे सांगितलं, आकार सोडून दे, झालंय तेवढ्यावर प्रबंध लिही, सोमवारी काय ते कळव. शनिवारी घरी येताना तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. सोडून द्यायचं.

बाबा वाडीतच भेटले. तिने उभ्या उभ्या सांगितलं, थेंबात निघालं ते मीठ होतं, सोमवारी सरांना कळवून सोडून देणार.

"मीठ?" हरिश्चंद्रांनी विचारलं.

"मीठ. आणि प्रथिन निघालं असतं तरी नुसतं चित्र मिळालं असतं, बाबा. औषध तुमच्या हयातीत आलं नसतं."

हयातीचं बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं.  हरिश्चंद्रांनी एक वाळकं पान ओढून काढलं, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, व्हिन्सेंटला सांगून ये, आता थांबू नको म्हणावं.

ती स्कूटरने सांडोरला गेली. वाटेत माफीची वाक्यं जुळवत होती, त्यातलं एकही धड जमत नव्हतं. व्हिन्सेंटच्या वाडीत शिरली आणि थबकली. कुजकं एकही झाड नव्हतं. ज्या जागी ती ओळ असायला हवी तिथे चवळीचे वेल चढले होते. व्हिन्सेंट बुटक्या स्टुलावर शेंगा खुडत बसला होता. तिला बघून तो चोरी पकडल्यासारखा उठला.

ओळ त्याने पहिल्याच वर्षी खणून जाळली होती. अक्षया भडकली. मग दर रविवारी माझ्या बापाला कशाला चढवत होतात, असं तिने तोंडावर विचारलं. तो म्हणाला, चढवत नव्हतो, पण तुझं नाव निघालं की हरीचा चेहरा बदलतो, त्याच्यासमोर नाही कसं म्हणू?

"त्याला सांगू नको, बाय," तो म्हणाला. "लय वाईट वाटेल त्याला."

परतताना तिची नुसती चडफड होत होती. औषध येणार नाही हे गावात सगळ्यांना कळत होतं, एक बाबाच तेवढे भोळे. ती पोचली तेव्हा हरिश्चंद्र पहार घेऊन ओळीला लागले होते. निम्मी झाडं आडवी पडली होती. रोग मागच्या ओळीतही सरकला होता, हे आता उघडंच दिसत होतं.

"काय म्हणाला?"

"काढतो म्हणाला," अक्षया म्हणाली. खोटं बोलायला तिला फार वेळ लागला नाही.

हरिश्चंद्र हसले. "त्याने केव्हाच काढली. केळीच्या वाडीत एवढी चवळी लावायला मोकळी जागा कुठून आली, हे मला कळत नाही होय?"

"मग तुम्ही का नाही काढलीत?"

त्यांनी पहार टेकून दम घेतला. "जो तो विचारायचा, पोरगी अजून शिकतेच का? मला त्यातलं काय कळतं, मी काय उत्तर देणार? म्हटलं, आपण वाट बघतोय एवढं तरी दिसू दे. तुझ्यासाठी एकाने तरी धरून राहायला नको?"

"याला शेती म्हणत नाहीत, बाबा."

"नाहीच म्हणत," हरिश्चंद्र म्हणाले. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "सोमवारी परत लावशील ना ते थेंब?"

सरांना काय सांगायचं हे तिने गाडीत घोकून ठेवलं होतं. ते तिने बाजूला ठेवलं. तिने ओढणी कमरेला खोचली आणि पडलेलं एक झाड शेंड्याला धरून ओढायला घेतलं.

"लावते," ती वैतागून म्हणाली. "पण मागची ओळसुद्धा आजच काढायची. आजच."

हरिश्चंद्रांनी मुकाट्याने मान हलवली आणि पुढच्या बुंध्याला पहार लावली.