लघवीची गोळी

माझे गुडघे बदलायचे नाहीत, असं कॉम्प्युटरने ठरवलं. माझ्या गुडघ्यांना त्याने हातसुद्धा लावला नव्हता.

हुबळीच्या त्या इस्पितळात दर गुरुवारी आमच्यासारख्या एकापेक्षा जास्त आजारवाल्यांची तपासणी असते. मला मधुमेह, रक्तदाब, थकलेलं हृदय आणि हे गुडघे. एकाला सांभाळावं तर दुसरा रुसतो. पण बाजाराला मला स्वतःच्या पायांनी जायचंय, आणि त्यासाठी ऑपरेशन हवंय.

मुकुल नावाचा तरुण तिथे लॅपटॉप घेऊन बसतो. हजारो रुग्णांची माहिती भरून कुणाचे कुठले आजार एकत्र चालतात, ते शोधतो आणि त्यांचे गट पाडतो. काम चांगलंच आहे. मी जन्मभर अळणावरच्या शाळेत गणित शिकवलं, मला आकड्यांचं वावडं नाही. पडद्यावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके होते, एकेक ठिपका म्हणजे एकेक रुग्ण.

“हा तुमचा, हेमाअक्का,” तो अवघडून म्हणाला. “चौथा गट. गोळ्या चुकवणारे. दर वेळी रक्तदाब चढलेला, पायांना सूज. या गटाला ऑपरेशन धोक्याचं दिसतं.”

माझं डोकंच फिरलं. मोबाइलमधले घरी मोजलेले रक्तदाबाचे आकडे मी त्याच्या नाकासमोर धरले. सगळे व्यवस्थित होते.

“घरचे आकडे धरत नाही, अक्का. इथे मोजलेलेच धरतो.”

“आणि इथे मी येते कशी?”

तेवढं त्याने कुणालाच विचारलं नव्हतं.

“अळणावरहून बसने येते, बाबा! आधी धारवाड, मग हुबळी, मग दुपारपर्यंत इथली रांग. सूज नि रक्तदाब उतरवणारी ती लघवीची गोळी घेतली की सारखं उठावं लागतं. बसमध्ये कुठे उठू? आणि इथे बायकांच्या संडासाला कुलूप! म्हणून गुरुवारी गोळी नाही. बाकी एक दिवस चुकत नाही.”

“हौद री, खरंय!” मागून कलघटगीची कुसुमावती ओरडली. “मीपण गुरुवारी घेत नाही.” रांगेतल्या आणखी कितीतरी जणी हो हो म्हणाल्या.

मुकुलने चौथा गट उघडला. बहुतेक बायका, त्याही बाहेरगावच्या. त्याचा चेहरा उतरला. “पुढच्या अहवालात मी हे नक्की...”

“तुझ्या अहवालापर्यंत माझे गुडघे थांबायचे नाहीत.” मी पर्समधून गोळी काढली, त्याच्याच बाटलीतलं पाणी घेतलं आणि त्याच्यादेखत गिळली. “आता किल्ली आण.”

“किल्ली ऑफिसात असते...”

“मग पळ!”

तो पळाला. तोवर कुसुमावतीने आपली गोळी काढून बाटली मागून घेतली. मग ती बाटली रांगेत फिरली.

किल्ली आली आणि दुपारभर संडासाकडे आमची ये-जा चालली. कुणी लाजलं नाही. चार वाजता मी पुन्हा दंड पुढे केला. रक्तदाब उतरला होता. मुकुलने आकडा भरला, ‘गोळ्या चुकवणारे’ हे नाव पुसलं आणि डॉक्टरांकडे माझा कागद स्वतः घेऊन गेला. बाहेर आला तो म्हणाला, “ऑपरेशनचा पुन्हा विचार करतो म्हणालेत.”

“करू देत.”

मी काठी उचलली, तेवढ्यात त्याला आठवलं. “अक्का, ते संडासाचं कुलूप कुठाय?”

“माझ्या पर्समध्ये,” मी म्हटलं. “ऑपरेशनला येईन तेव्हा घेऊन येईन.”