मामाची सुरी आणि मामीचं बोट

मिहलोतीचा नवरा खझामुला वारला आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच्या वस्तूंची वाटणी झाली. मेलेल्या मामाच्या वस्तूंवर भाच्यानं झडप घालायची, हवं ते पळवायचं आणि बाकीच्यांनी पोट धरून हसायचं, असा त्यांच्यात रिवाज. मागेझीनं मामाची सुरी पळवली. सगळे हसले. मिहलोतीही हसली. विधवेनं भाच्याचा मान मोडला असं कुणी म्हणायला नको.

त्या सुरीनं तिच्या नवऱ्यानं शिकारीच्या फार्मवर तीस वर्षं हरणं सोलली होती. शेवटची सहा वर्षं त्याचे हात थरथरायचे, तेव्हा सोलायच्या शेडचं दार लोटून घेऊन तीच सोलायची. हे त्याला, तिला आणि देवाला ठाऊक होतं. मागेझीला नव्हतं. त्यानं सुरी धारेच्या विजेच्या चाकावर धरली, पातं तापून निळं पडेस्तोवर घासली, आणि धार टिकेना म्हणून उकिरड्यावर फेकली. "मामा कसल्या भंगारावर नाव कमावून गेला!" असं तो बिअरच्या अड्ड्यावर सांगत सुटला.

फार्मचा व्यवस्थापक रूलोफ. मामाची जागा दोघांनीही मागितली, तेव्हा त्यानं दोघांना समोर उभं करून सांगितलं, "सोमवारी पहिला शिकारी पाहुणा येतोय. त्याला मोठ्या पिळदार शिंगांचं हरण, कुडू हवाय, आणि मुंडकं मानेसकट भिंतीवर लावायचंय. ज्याचं काम नेटकं, त्याची शेड." आणि शेड ज्याची, तिच्यालगतची राहायची खोलीही त्याचीच. मिहलोती बावीस वर्षं त्या खोलीत राहत होती. तिला दुसरं घर नव्हतं.

शनिवारी ती फालाबोर्वाच्या बाजारात सुरी घ्यायला गेली, तर दुकानात मागेझी आधीच हजर.

"या मामी, या! भाजी चिरायची सुरी पलीकडे मिळते."

"तुझी घेऊन झाली का?"

"ही बघा." त्यानं म्यानातून हातभर लांबीचं काळं पातं उपसलं. पाठीवर करवतीचे दात, टोकाशी वाकडा आकडा, मुठीवर बोटांसाठी खाचा, आणि मुठीच्या बुडाशी चक्क होकायंत्र.

"हे कशाला?"

"दिशा कळायला."

"जनावराच्या पोटात शिरल्यावर वाट चुकतोस का तू?"

गल्ल्यामागचा फानी फिसकन हसला आणि गिऱ्हाईक नाराज व्हायला नको म्हणून लगेच खोकला. मग त्यानं मिहलोतीपुढंही तसलाच माल मांडला. एक सुरी अशी चकचकीत, की तीत तिला आपल्या डोक्याचा फडका दिसला. मिहलोतीला वाटलं, आरसा हवा असता तर आरशाच्या दुकानात गेले नसते का? दुसरी घडीची. घडीच्या सांध्यात चरबी जाऊन बसते, कुजते, आणि पुढच्या जनावराला तो वास लागतो. तिसरीची मूठ शिंगाची, कोरीव, मध्ये सिंह. ज्यानं आयुष्यात ससाही सोलला नाही, त्यानंच ती घडवली असणार आणि त्याच्याच जातीचा कुणीतरी ती विकत घेणार.

"थोडं गोडेतेल आहे का, दादा?"

"तेल? कशाला?"

"द्या तर खरं."

फानीनं डबा काढला. मिहलोतीनं तळहाताला तेल चोपडलं आणि एकेक सुरी मुठीत धरून मनगट फिरवलं. सिंह सटकला. चकचकीत सुरी सटकली. फानीचं तोंड कडू झालं. "मावशी, नवा माल आहे हो!"

"चरबीत हात बरबटला की असाच होतो. तिथं निसटली तर माझी बोटं तुम्ही शिवून देणार का?"

शेवटी तळच्या खणातून एक साधी सुरी निघाली. लाकडी मूठ, तीत खाच नाही, नक्षी नाही. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं, टोक पाठीकडून जरा खाली उतरलेलं. तिनं तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवली. बोट टोकाच्या जरासं पुढं गेलं.

"ही द्या."

"एवढीशी?" मागेझी खदखदला. "मामी, कुडू मारायचाय, उंदीर नाही!"

"मारायला बंदूक आहे. आत माझं बोट आधी जायला हवं, टोक मागून. नाहीतर कोठा फुटतो आणि सगळं मांस शेणात जातं."

तो अजून हसत होता. ज्याला टोक कुठं आहे हेच कळत नाही, त्याला होकायंत्र लागणारच, असं मनाशी म्हणून तिनं विषय मिटवला आणि पिशवी उचलली.

सोमवारी सकाळी पाहुण्यानं कुडू पाडला. रूलोफ काटेरी झुडपं चुकवत गाडी फिरवून आणेपर्यंत मागेझी पळत पुढं गेला. घरी बकरं पडलं, बैल पडला, की पहिलं काम गळ्यावर सुरी. बापानं केलं, आज्यानं केलं. नवं हत्यार हातात शिवशिवत होतं. हात आपोआप चालला. हृदयात गोळी लागून मेलेल्या जनावरातून रक्तही धड आलं नाही. फक्त भिंतीवर लावायची मान, ती पुढून आडवी फाटली.

गाडी शेडपाशी थांबली तेव्हा पाहुणा दुसरीकडे बघत होता आणि रूलोफचा चेहरा लाल झाला होता. मागेझी म्हणत होता, "रक्त काढायला नको का, साहेब? आमच्यात असंच असतं."

"बिनगळ्याचा कुडू लावू का रे भिंतीवर?"

मिहलोतीनं वाकून जखम पाहिली. करवतीच्या दातांनी कडा चावल्यासारख्या झाल्या होत्या. तिनं मागेझीकडे पाहिलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतं.

"साहेब, नराला गळ्याखाली लांब केस असतात. टाका त्यांच्या आत लपतो. फक्त चीर याहून वाढायला नको."

"होईल तुझ्याच्यानं?"

ती देवाचं नाव पुटपुटली आणि मानेच्या मागच्या बाजूनं, आयाळीच्या रेषेवरून कानांपर्यंत चिरत गेली. मग खांद्यांमागून भोवताली. पुढं सुरीचं काम थोडं, हाताच्या वळलेल्या मुठीचं जास्त. दाबत, ढकलत कातडं सुटत गेलं. डोळ्यांच्या कडा, ओठांच्या आतली बाजू, नाकाची कूर्चा इथं तिनं पात्याचं फक्त टोक वापरलं. मागेझीचं हत्यार तिथं पोचलंच नसतं. पोट उघडताना तिचं बोट पुढं, टोक मागून. कोठा अख्खा बाहेर आला, फुगलेला, हिरवट, एकही ओरखडा नसलेला.

पाहुणा जवळ आला, गळ्याखालून हात फिरवून चीर शोधू लागला, आणि केसांत त्याला ती पटकन सापडली नाही.

रूलोफनं घसा साफ केला. "ठीक आहे. या मोसमापुरती शेड तुझी. पुढच्या वर्षी बघू, बाईमाणसाला कितपत झेपतंय ते."

मिहलोतीनं सुरी मांडीवरच्या फडक्याला पुसली. खोलीचं दार तिचंच राहिलं होतं, आणि ते देणाऱ्या देवाचे आभार मानायला तिला या माणसाचं तोंड बघायची गरज वाटली नाही.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघा, साहेब. आत्ता कातडं तापतंय. तासाभरात मीठ लागलं नाही तर केस गळतील. बारीक मीठ हवं, पोतंभर."

रूलोफनं इकडं तिकडं पाहिलं. मागेझी केव्हाच गाडीमागं जाऊन बसला होता. दुसरं कुणी नव्हतं.

"कुठंय मीठ?"

"गोदामात, दाराच्या डाव्या हाताला," ती मान वर न करता म्हणाली. "आणि पोतं फरफटत आणू नका. फाटेल."