कापलेली उजवी बाजू

कडेगाव तालुक्यातल्या माजी सैनिकांची वेबसाइट मी सांगलीत बसून फुकट करून दिली होती. लोक फोटो चढवायचे ते वाकडे, पिवळे पडलेले, कुणाच्या मागं गोठा, कुणाच्या मागं मोटारसायकल. एकेक हातानं नीट करणं जमेना, म्हणून फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर मी थेट सर्व्हरवर बसवलं. समोर स्क्रीन नाही, कुणी बसायला नको. ते मागच्या मागं सतत चालू असायचं. फोटो आला, की चेहरा शोधून भोवतालचं कापायचं, उजेड वाढवायचं. जागा वाचावी म्हणून मूळ फोटो पुसून टाकायला मीच सांगितलं होतं.

मार्चमध्ये लालासाहेबांचा फोन आला. निवृत्त हवालदार, वय अठ्ठ्याहत्तर.

"ताई, माझा मोबाइल हिरीत पडला. त्यातला एक फोटो तुमच्या साइटवर चढवलाय, तेवढा माघारी द्या. आमच्या मंडळीचा तेवढाच हाय. ती गेली गेल्या साली."

मी साइट उघडली. फोटोत एकटे लालासाहेब होते. दोन चेहरे असले तर मोठा ठेवायचा, हेही मीच ठरवलेलं.

"शोधून सांगते," एवढंच म्हणाले. पुसलेलं परत मिळतंय का, दोन दिवस खटपट केली. काही हाती लागलं नाही. शेवटी उरलेल्या फोटोची मोठी प्रत काढली आणि एसटीनं कडेगावला गेले.

त्यांनी प्रत डोळ्यांजवळ धरली. फोटोत त्यांच्या खांद्यावर चार बोटं होती, तिचं बाकी काही नव्हतं.

"ही तिचीच. तोंड कुठं हाय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी प्रत मांडीवर ठेवली.

"मशिनीला काय ठावं, पोरी."

"मशीनला नाही, आजोबा. मला ठाऊक असायला हवं होतं."

वाटलं, 'जाऊ दे' म्हणतील.

"व्हय," ते म्हणाले, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

परतल्यावर मी मूळ फोटो जपून ठेवायची सोय केली. पण तोवर तीनशे चाळीस फोटो कापले गेले होते. आता रोज दहा-बारा घरांना फोन करते, मूळ फोटो आहे का विचारते. बहुतेकांकडं असतो. ज्यांच्याकडं नसतो ते विचारतात, "का वो, काय झालं?" मग सांगावं लागतं.