तिसऱ्या भागाची शिफारस

कवळीचे पुढचे दात मेणात बसवताना दीडशहाणी सहसा फोनकडे बघत नसे. दात केसभर तिरका बसला तर एखादा म्हातारा उरलेलं आयुष्य तिरकं हसतो, असं ती हाताखालच्या मुलींना बजावायची. पण त्या सोमवारी दुपारी तिने बघितलं, आणि उजवीकडचा सुळा डावीकडे बसवून मोकळी झाली.

मेल राखणदाराचा होता, इंटरनेटवरचा त्यांचा गोष्टींचा मंच सांभाळणाऱ्याचा. शनिवारी संध्याकाळी सहाला मंच कायमचा बंद होणार. इतकी वर्षं एकट्याने सांभाळला, आता डोळे आणि हौस दोन्ही थकले, तेव्हा ज्याने त्याने आपापलं सामान उचलून न्यावं.

दीडशहाणी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते तिने एकवीस वर्षांपूर्वी मंचावर येताना स्वतःच घेतलं होतं. तिने स्वतःबद्दल सांगितलेली तेवढीच एक गोष्ट खरी आहे, असं तिचा नवरा म्हणायचा.

तेव्हा टीव्हीवर एक मालिका लागायची. नदीवर नाव चालवणारे बहीणभाऊ, एकमेकांशी मिनिटभर पटत नाही आणि एकमेकांवाचून दिवसभर करमत नाही. सव्विसाव्या भागात बहीण धुक्यात नाव घेऊन गेली, भाऊ काठावर उभा राहिला, आणि वाहिनीने मालिकाच गुंडाळली. बहिणीचं पुढे काय झालं हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. मग ती बघणाऱ्यांनीच घेतली. कुणी कारकून, कुणी नर्स, कुणी नुसतीच कुणाची तरी सून, अशी चाळीसेक माणसं मंचावर जमली आणि ज्याने त्याने आपल्या परीने गोष्ट लिहून त्या बहिणीला काठाला लावलं. एकाने तिचं लग्न लावलं, दुसरीने आठवड्यात ते मोडलं. कंदील नावाच्या गृहस्थांनी तर तिला सरळ बुडवलं, त्यानंतर दोन महिने त्यांच्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

सगळेच लिहायला बसले की वाचायचं कुणी, हा प्रश्न येतोच. म्हणून गुरुवारची शिफारस निघाली. ज्या गोष्टीला एकही वाचक मिळालेला नाही ती पाळीपाळीने एकेकाकडे द्यायची. त्याने ती पूर्ण वाचायची आणि गुरुवारी तीन मुद्दे लिहायचे. कुठे बसून वाचावी, कुठलं वाक्य मनात राहिलं, आणि शेवट न फोडता तो कसा वाटला. दीडशहाणीला स्वतःला चार ओळींची गोष्ट जुळवता येत नसे, पण शिफारशीत तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ही गोष्ट भांडण झाल्यावर दार लावून वाचा, असं ती लिहायची. लोक आधी मुद्दाम भांडायचे की काय कोण जाणे, पण वाचायचे.

ते दिवस आठवले की तिला अजून गलबलून येतं. घरात एकच संगणक, आणि त्यासाठी सासऱ्यांच्या पत्त्यांच्या डावाशी लावलेली पाळी. एक पान उघडेपर्यंत तिची निम्मी भांडी घासून व्हायची. कुणी कुणाचा चेहरा पाहिला नव्हता, पण नर्सबाईंची आई गेली तेव्हा अडतीस जणांनी त्यांच्यासाठी गोष्टी लिहिल्या, आणि त्यातल्या एकाही गोष्टीत कुणी मेलं नाही. कंदिलांच्यासुद्धा नाही.

लेकीला हे सगळं तोंडपाठ होतं. ती कॉलेजातून थेट आईच्या कामावर यायची आणि समोरच्या रिकाम्या टेबलाशी बसून डबा खायची. मंचावरचं सामान उतरवून घ्यायचं काम तिनेच अंगावर घेतलं. त्या मोबदल्यात तिला पुन्हा एकदा सगळं ऐकावं लागलं.

"आम्ही एकमेकांचं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो," दीडशहाणी म्हणाली. "तुमच्यासारखं न वाचताच अंगठा दाखवून पळत नव्हतो."

गुरुवारपर्यंत शंभरावर शिफारशी आणि त्यांच्या गोष्टी उतरवून झाल्या. मग लेक एका पानावर अडली. तिने दोनदा वरखाली करून बघितलं.

"आई, या 'गोगलगाय' नावाच्या बाईंच्या गोष्टीची शिफारस तू सोळा तारखेला केलीस. पण तिचा तिसरा भाग त्याच महिन्याच्या अठ्ठावीस तारखेचा आहे."

दीडशहाणीच्या हातातलं प्लास्टर वाटीतच घट्ट झालं. तो आठवडा तिला लख्ख आठवला. कामाचा डोंगर, डोक्यावर साहेब, आणि घरी दीड वर्षाची हीच लेक तापाने फणफणलेली. तिने दोन भाग उभ्या उभ्या वाचले होते. वर 'तीन भागांत' असं लिहिलं होतं, म्हणजे तिसरा असणारच, आणि शेवट म्हटला की रडवणारच. तिने ठोकून दिलं, 'शेवटी डोळ्यांना धार लागते, रुमाल घेऊन बसा.' त्याखाली सात जणांच्या ओळी होत्या. काय शेवट आहे! नर्सबाई दोनदा रडल्या होत्या. असा शेवट आपल्याला का सुचला नाही, असं कंदिलांना वाटलं होतं. आणि गोष्टीला तेव्हा शेवटच नव्हता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण म्हणतात. इथे एक नाही, आठ पाषाण निघाले.

लेक पोट धरून हसली. मग आईचा चेहरा बघून तिने तिसरा भाग उघडून दिला.

दीडशहाणीने हात पुसले, खुर्ची ओढली आणि एकोणीस वर्षांनी तिसरा भाग वाचला. भाऊ काठावरून तीन दिवस हाका मारतो. चौथ्या दिवशी मागून कुणीतरी म्हणतं, किती ओरडतोस? बहीण वरच्या धक्क्याला लागून केव्हाच घरी आलेली, पोटभर झोपलेली, आणि अंगात भावाचाच कोरडा सदरा. भाऊ तोंड उघडतो, पण घशातून आवाजच फुटत नाही. तशी ती त्याच्या शेजारी ऐसपैस बसते आणि म्हणते, "छान. आता मी बोलते." दीडशहाणी एवढ्या मोठ्याने हसली की आतून साहेब डोकावले.

त्याखाली चार ओळी होत्या. 'दीडशहाणीताई, मला पुढचं सुचत नव्हतं म्हणून गोष्ट सोडून दिली होती. तुम्हा सगळ्यांना शेवट इतका आवडला, म्हटलं तो कुठेतरी असणारच. रडवायचा खूप प्रयत्न केला, नाही जमलं. शिफारशीतलं रुमालाचं तेवढं बदलावं लागेल. तुम्हाला खोटं पाडलं, माफ करा.'

त्यावर कुणाचंही उत्तर नव्हतं. वाचकांच्या जागी शून्य होतं. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, पण हिच्या पोटात निघाली ती नुसती माफी. त्यानंतर तिने मंचावर अक्षर लिहिलेलं नव्हतं.

दीडशहाणीला लाज वाटली, आणि मग रडू आलं. ते दिवस खोटे नव्हते, हे तिला पक्कं माहीत होतं. पण त्याच दिवसांत तिने एका बाईला दारात उभं केलं होतं आणि दार उघडायला विसरली होती. आता शनिवारच्या आत ते उघडायचं होतं.

"आता कोण वाचणार, आई? परवा बंद होतंय सगळं," लेक हळूच म्हणाली.

"ती नाही विचारत बसली कोण वाचणार म्हणून. लिहिलं ना तिने?"

गुरुवारच होता. तिने शिफारस लिहिली. 'ही गोष्ट कामावर बसून वाचू नका, साहेब डोकावतात. तेव्हा मी दोनच भाग वाचले होते आणि शेवटाबद्दल खोटं लिहिलं होतं. आज तिसरा वाचला. रुमाल लागत नाही. मी मोठ्याने हसले. माफी तुम्ही नाही मागायची, मी मागते.' तीच तिने राखणदारालाही पाठवली आणि गोगलगायीचा पत्ता असेल तर पोचवा म्हणून विनवलं. पत्ता एकोणीस वर्षांपूर्वीचा आहे, टाकून बघतो, भरवसा नाही, असं त्याचं उत्तर आलं.

शनिवारी सहा वाजून एक मिनिटाने पान उघडेना. मायलेकींनी तरी चारपाच वेळा उघडून बघितलं. रविवार गेला, सोमवार गेला, आणि दीडशहाणी पुन्हा कवळ्यांना लागली. आपण उशीर केला, असं ती कुणाला म्हणाली नाही, पण जेवणात तिचं लक्ष नव्हतं.

बुधवारी दुपारी फोन वाजला. अनोळखी पत्त्यावरून मेल होता. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. एकच ओळ होती.

'नक्की कुठे हसलात?'

दीडशहाणीने कवळी बाजूला ठेवली आणि हातमोजे काढले. उत्तर लिहायला तिला गोष्ट पुन्हा उघडून बघावी लागली नाही.