आयफेलच्या पोटाखाली

बुधवारी नदीपलीकडच्या बाजारातून परतताना जिस्लेनबाई आयफेल टॉवरच्या बरोबर खाली घसरल्या. कुणीतरी सांडलेल्या आइस्क्रीमवर पाय पडला आणि बाई उताण्या. पिशवीतली गाजरं चहूकडे पांगली.

घोटा मुरगळला होता, कंबर हलू देईना. कुणीतरी येईल म्हणून त्या थांबल्या. पण चार पावलांवर आणखी तिघं पर्यटक फोटोसाठी तशीच उताणी पडून वर कॅमेरे रोखून होती. ही म्हातारीही त्यांतलीच असं समजून माणसं वळसा घालून जात होती.

हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. मार्चमध्ये नवरा, ऑक्ताव्ह, गेल्यापासून मोठ्यानं बोलायची वेळच आली नव्हती.

मग त्या वर बघत राहिल्या. चाळीस वर्षं इथून ये-जा, पण मान कधी वर गेली नव्हती. चारी पायांचं लोखंड वर जात एकमेकांकडे झुकलेलं. तुळयांमध्ये फुल्या, फुल्यांच्या आत आणखी बारीक फुल्या, आणि मधल्या चौकोनात आभाळाचा तुकडा. ऑक्ताव्ह दर रविवारी म्हणायचा, "चल, एकदा वर जाऊन येऊ." "ते परगावच्यांचं काम," म्हणून त्या मटार सोलत बसायच्या.

शेजारी एक दाढीवाला येऊन आडवा झाला. बोलण्यावरून दक्षिणेकडचा.

"मादाम, जागा झकास धरलीत हं! अगदी मधोमध."

"धरली नाही. पडले मी."

तो ताडकन उठून बसला. "केव्हा?"

"झाला असेल पाव तास."

"आणि गप्प पडून राहिलात? अहो, ओरडायचं तरी!"

त्यानं त्यांना उचलून बाकावर बसवलं, गाजरं गोळा करून दिली. "घरी कुणाला फोन करू?"

"घरी कुणी नाही."

तो दाढी खाजवत उभा राहिला. तेवढ्यात तिकिटाच्या रांगेतून त्याची बायको ओरडली, "मार्सियाल! अरे, नंबर आला आपला!"

"जा तुम्ही," जिस्लेनबाई म्हणाल्या. "जाईन मी हळूहळू."

तो दोनदा मागे वळून बघत गेला. लिफ्ट तिरकी वर सरकत लोखंडात दिसेनाशी झाली, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, आभार मानायचे राहिलेच. म्हणून त्या थांबल्या. माणसं खाली येत होती, पांगत होती. तो टॉवरच्या कुठल्या पायातून उतरला कुणास ठाऊक. ऊन कलल्यावर त्या भिंती धरत, लंगडत निघाल्या. घरचा जिना चढायला त्या दिवशी फार वेळ लागला.