प्रोसेसर हो म्हणाला

माझ्या आईची वाचा तुम्ही घालवलीत. घशाच्या ऑपरेशनमध्ये वाचा एकदा गेली होतीच. त्यात कुणाचा दोष नव्हता. दुसऱ्यांदा गेली ती तुमच्या अपडेटमुळे.

आई टाइप करते, तुमचा प्रोग्राम तिच्याच आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजात बोलतो. रोज संध्याकाळी ती मावशीला फोन लावते. मावशीला दिसत नाही, त्यामुळे तिच्याशी लिहून बोलायची सोय नाही. अपडेट आलं आणि प्रोग्राम उघडल्या उघडल्या मिटला. स्क्रीनवर दोनच शब्द: ‘बेकायदा सूचना’. आईने पाटीवर लिहिलं, "मी काय दरोडा घातलाय?"

फोनवर मावशी विचारत होती, "ताई? अगं, रागावलीस का माझ्यावर?" आई नुसती रिसीव्हरवर नख वाजवत राहिली.

मी कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही. तुमचा कोड सगळ्यांना खुला आहे, तो वाचत बसलो. तुम्ही प्रोसेसरला विचारता, "एका दमात आठ आकडे गुणायच्या सूचना जमतात का?" तो हो म्हणतो, की लगेच त्याला जुंपता. पण मध्येच दुसरं काम आलं की ते आकडे सांभाळून ठेवायचे ऑपरेटिंग सिस्टिमने. आमची जुनी, तिला ते येत नाही, म्हणून ती सूचनाच बेकायदा ठरते. तिला कुणी विचारलंच नाही!

बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "तुझंच भावंड दिसतंय. पाहुण्यांना परस्पर हो म्हणायचं आणि रांधायला मी."

मी कोडमध्ये दुसरा प्रश्न घातला, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचा. दोघांचा होकार आला तर नवी वाट, नाहीतर जुनी, संथ.

आईने फोन लावला. आवाज अडखळत आला, पण तिचाच आला.

"ताई! दम लागलाय का गं तुला?"

"मला नाही, मशीनला. तू आधी नाक पूस, इथपर्यंत ऐकू येतंय."

मावशी रडता रडता हसली. आईच्या खांद्यांवरून कळलं, तीही हसतेय.

दुरुस्ती तुम्हाला पाठवली. तुम्ही कळवलंत, ‘जुन्या सिस्टिमची जबाबदारी आमची नाही.’ म्हणजे पुढच्या अपडेटला माझ्या ओळी पुसल्या जाणार. मी त्या परत घालीन. पण ज्या घरात त्या घालणारं कुणी नाही, तिथल्या माणसाने गप्प बसायचं?

तो दुसरा प्रश्न तुम्ही विचारणार आहात की नाही? हो की नाही, सरळ सांगा.