माझे डाग राहू द्या

जुनी म्हणा मला, खुशाल म्हणा, मित्रांनो, पण बिचारी म्हणायचं नाही! मी दीपमाळ आहे. पारनेरहून सुप्याकडे जाताना आत वळलं की एक लहानसं गाव लागतं, तिथल्या महादेवासमोर मी उभी आहे. काळा दगड, तीन पुरुष उंची आणि अंगावर दिवे ठेवायला चाळीस दगडी हात.

मला घडवणाऱ्या पाथरवटाचं नाव कुणी कोरून ठेवलं नाही. मला मात्र तो आठवतो. प्रत्येक हाताच्या टोकाला त्याने तेल मावेल एवढी वाटी खोदली आणि अंगठा फिरवून तपासली. कुणीतरी म्हणालं, "काय सुरेख दिसती!" तेव्हा तो फटकन म्हणाला, "दिवं लावाय केलीया, बघाय न्हाई." त्याचा तो शब्द मी आजवर सोडलेला नाही.

एरवी वर्षभर माझी आठवण कुणाला नसते. कावळे बसतात, शेळ्या अंग घासून जातात. पण कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा आली की सगळं गाव माझ्याभोवती जमतं. महादेवाने त्रिपुरासुराची तीन नगरं जाळली, त्याची ही आठवण. आमच्या गावात आणखी एक गोष्ट मनापासून मानतात. त्या संध्याकाळचा दिवा ज्याच्या नजरेस पडेल, त्याचं भलं होतं. माणसाचंच नव्हे बरं का! मुंगी, डास, दिव्यावर झेपावणारी पाकोळी, बेडूक, बांधावरची बाभळ, विहिरीतला मासा, सगळ्यांचं. तू कोण, कुठला, असं दिवा विचारत नाही. म्हणून तर मला एवढी उंच केली.

दिव्यांचं तेल येतं इब्राहिमभाईंच्या घाण्यावरून. करडईची पहिली धार माझी, ही रीत त्यांच्या आजोबांपासूनची आहे. आणि पुष्पावतीबाई साडेसातशे पदरांची त्रिपुरवात आणि माझ्या हातांसाठी चाळीस साध्या वाती वळतात. कापूस घरच्या बांधावरचा, आणि बोटं आता सत्तरीची. इतक्या वर्षांचं तेल ओघळून माझं अंग काळंभोर झालं होतं. त्या डागांचा मला फार अभिमान होता.

यंदा दिवाळीत काय झालं, ऐका. पुष्पावतीबाईंचा मुलगा सूर्यभान देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष झाला. सुप्याच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. माणूस वाईट नाही हो, पण हौस दांडगी! त्याने मला पायथ्यापासून शेंड्यापर्यंत पिवळाधमक ऑइल पेंट फासला. दिव्यांच्या वाट्यासुद्धा रंगवल्या. वर विजेच्या माळा गुंडाळल्या आणि शेजारी पाटी लावली: 'दीपमाळेवर तेलाचे दिवे लावू नयेत. रंग खराब होतो.'

परत वाचा ती पाटी! दीपमाळेवर दिवे लावू नयेत! अरे, मग मी काय गावाची शोभा म्हणून उभी आहे? माझा संताप संताप झाला. शिवाय धास्तीही वाटली, खोटं कशाला बोलू? एक वर्ष दिवे चुकले की पुढच्या वर्षी चुकवायला कारणही लागत नाही.

पौर्णिमेला दिवस मावळला. माळा लखलखू लागल्या, लोक मोबाईलवर फोटो काढू लागले. तेवढ्यात पुष्पावतीबाई वाती घेऊन आल्या आणि मागून तेलाची बुधली घेऊन इब्राहिमभाई.

सूर्यभान आडवा आला. "आई, पाटी वाचली न्हाईस का? डाग पडत्याल."

"पडू दे की! चुलीला राख लागती म्हनून चूल पेटवायची न्हाई व्हय रे?"

"अगं, उजेड हाय की एवढा. दिवसावानी पडलाय."

"तुज्या माळंवर येक तरी पाकोळी आली का? दाव मला," बाई म्हणाल्या. "आज किडामुंगीनं बी दिवा बघायचा असतो. तू फोटुपुरता उजेड केलास, बाबा."

इब्राहिमभाईंनी माझ्या पायथ्याच्या कोनाड्यात तेल ओतलं. बाईंनी त्रिपुरवात ठेवली आणि काडी ओढली. वात पेटली आणि कोनाड्यातल्या रंगाला फोड आले. मग पापुद्रा सुटला आणि आतून माझा काळा दगड दिसला. मला तर ओरडावंसं वाटलं, बघा, मी आहे अजून!

थोड्या वेळाने एक करडी पाकोळी आली आणि वातीभोवती घिरट्या घालू लागली. सूर्यभान तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने माळांचं बटण बंद केलं, चपला काढल्या आणि माझ्या हातांवर पाय देत चढायला लागला. पोरवयात तोच तर चढायचा! पण दोनदा घसरून खाली आला.

"पाय ठरंना, चाचा."

"ठरंल कसा?" इब्राहिमभाई हसले. "तूच तर पेंट दिलाय, लेका."

"खुरपं आना कुनीतरी," सूर्यभान म्हणाला.

आणि मित्रांनो, सणाचे नवे कपडे घातलेला तो अध्यक्ष खुरप्याने स्वतःचाच रंग खरवडत एकेक हात वर चढला. खरवडायचा, वाटी पुसायचा, तेल ओतायचा, वात लावायचा. चाळीसच्या चाळीस दिवे लागले तेव्हा चंद्र चांगला वर आला होता. खाली पुष्पावतीबाई डोळे पुसत होत्या आणि मलाही, दगड असून, भरून आलं होतं.

आता मी अर्धी पिवळी, अर्धी काळी अशी उभी आहे. चितारलेल्या बैलासारखी दिसते म्हणून पोरं हसतात. हसू द्या! कमिटीतले काहीजण म्हणतात, परत रंग देऊ. द्या, बघतेच मी. खुरपं देवळातच ठेवलंय.

आपली कहाणी संपवताना 'मला जपा' असं विनवायची आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. मी नाही विनवणार. मला जपू नका. पुढच्या कार्तिकात तेल घेऊन या आणि मला चांगले डाग पाडा.